काकवीच्या रंगाचा पेला

मंडळी, कोल्हापुरात रात्रीचं जेवण झाल्यावर माणसं दूध प्यायला घराबाहेर पडतात, हे परगावच्या पाहुण्याला पटवून द्यावं लागतं. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी बांधलेल्या असतात. डोळ्यांसमोर धार काढतात आणि फेसाळलेला पेला तसाच हातात देतात. पैलवान, वकील, रिक्षावाले, सगळे शेजारी शेजारी उभे राहून पितात, मिशीवरचा फेस पुसतात आणि गावभरच्या गप्पा हाकतात. गेली तीस वर्षं मी त्या कट्ट्याचं गिऱ्हाईक आहे. दुसऱ्या गावांतल्या कवींची बैठक जिथं भरत असेल तिथं भरो, माझी तिथं भरते.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका रात्री माझ्या मुलाचा मित्र मला तिथं भेटला. हा मुलगा कागल तालुक्यातल्या एका गावचा. त्याच्या आजोबांचं गुऱ्हाळ होतं आणि माझे अब्बा तिथं हंगामाला गुळव्या म्हणून जायचे. त्यामुळे दोन घरांचा संबंध जुना. मुलगा हुशार. कोल्हापुरात सूक्ष्मजीवशास्त्रात बी. एस्सी. केलं आणि पुढं शिकायला पुण्याजवळ मांजरीला, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये गेला. ऊसवाल्याचं पोर साखरेच्या संस्थेत गेलं, यात कुणाला नवल वाटलं नाही. पण तिथं वाइन, बिअर आणि मद्यार्क बनवण्याचंही शास्त्र शिकवतात. तो ते शिकला. आता पुण्यातल्या एका बारमध्ये तो बिअर बनवतो. बाटलीतली आणून ओततात तशी नव्हे; त्या बारच्याच आवारात, गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर, थोडी थोडी बनवतात ती.

‘‘चाचा, एक काम होतं,’’ तो म्हणाला. ‘‘आईशी बोलाल का? ती गावात सांगते, पोरगा साखर कारखान्यात आहे म्हणून.’’

हे काम सोपं नव्हतं, हे मला तिथंच कळलं. कारण त्याची आई कोण आहे हे मला माहीत होतं. तो सातवीत असताना त्यांच्या गावात देशी दारूच्या दुकानावरून मतदान झालं होतं. महाराष्ट्रात हा नियम आहे. गावातल्या बायकांनी मागणी केली की दारूचं दुकान राहावं की जावं यावर गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू ठेवा, आडवी बाटली म्हणजे बंद करा. आडव्या बाटलीला, झालेल्या मतांच्या नव्हे, तर गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं पडावी लागतात. म्हणजे जी बाई शेतावरून आली नाही, जिला नवऱ्यानं घराबाहेर पडू दिलं नाही, तीसुद्धा उभ्या बाटलीच्या बाजूची धरली जाते. या मुलाच्या आईनं दारोदार फिरून एकेका बाईला बाहेर काढलं होतं. दुकान बंद झालं. तिचा नवराच त्या दुकानाचं रोजचं गिऱ्हाईक होता. आज तो हयात नाही. आणि शाळेच्या भिंतीवर गेरूनं भली मोठी आडवी बाटली कुणी काढली होती, तर याच मुलानं.

आता मी काय बोलणार होतो तिच्याशी?

मी स्वतः दारूला कधी शिवलेलो नाही. धर्मात मनाई आहे म्हणून आणि घरात तसंच वळण होतं म्हणून. पण एक कबुली द्यायला हवी. गेली तीस वर्षं मी मराठीत गझल लिहितो आणि त्या गझलांतून मी भरपूर प्यायलो आहे. साकी, प्याला, मैखाना हे शब्द आम्हाला फारसी-उर्दूच्या वारशातून आयते मिळाले. सुफी शायरांनी ईश्वरप्रेमाची धुंदी सांगायला ते वापरले आणि पुढं सगळ्यांनीच ते उचलले. पण खऱ्या मैखान्याचा दरवाजा आत ढकलायचा असतो की बाहेर ओढायचा, हेही मला माहीत नव्हतं. मी मुलाला म्हटलं, ‘‘आधी बघतो, मग बोलतो.’’

पुण्यात मी सकाळी नऊलाच पोचलो. बार उघडायला वेळ होता. खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या होत्या, एक बाई फरशी पुसत होती. मोठ्या काचेच्या पलीकडं चकचकीत पोलादी पिंपं आणि त्यांच्यामध्ये गमबूट घालून हा मुलगा उभा. आत पाऊल टाकलं आणि मी थबकलो. वास ओळखीचा होता. उकळत्या गोडव्याचा तो दाट, उबदार वास गुऱ्हाळावरचा होता.

मुलानं सगळं नीट दाखवलं. बिअरचं मूळ धान्य म्हणजे जव. ते भिजवून मोड आणतात आणि मग भट्टीत वाळवतात. त्याला माल्ट म्हणतात. आपल्याकडं नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून बाळांसाठी सत्त्व करतात, तीच रीत. मोड येताना दाण्यात पाचक द्रव्यं तयार होतात. भरड केलेला माल्ट पासष्ट-सदुसष्ट अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवला की ती द्रव्यं पिठाची साखर करतात. मग चोथा मागं ठेवून गोड पाणी काढून घ्यायचं आणि ते मोठ्या पिंपात उकळायचं. उकळताना हॉप नावाच्या वेलीची कडू फुलं त्यात घालायची. मग ते थंड करून यीस्ट, म्हणजे खमीर, सोडायचं. खमीर साखर खातं आणि मद्यार्क व वायू मागं ठेवतं. आठवड्या-दोन आठवड्यांनी जे तयार होतं ते एल.

त्या दिवशी बनत होती ती ‘अंबर एल’. अंबर म्हणजे त्या पिवळ्या-तांबूस खड्याच्या रंगाची. हा रंग बाहेरून घालत नाहीत. शंभर किलो माल्टमध्ये दहाएक किलो माल्ट वेगळा असतो. तो ओलसर असतानाच भाजलेला असतो, त्यामुळे दाण्यातली साखर दाण्यातच पाक होऊन तांबूस होते. करपायच्या अलीकडं थांबायचं, एवढंच कसब.

‘‘चाचा, हे तुम्हाला चालेल,’’ मुलगा म्हणाला आणि त्यानं एका छोट्या पेल्यात पिंपातलं गोड पाणी काढून दिलं. ‘‘अजून यात फुलंही नाहीत, खमीर नाही. नुसतं धान्याचं पाणी.’’

मी पेला उजेडात धरला. रंग काकवीचा. मंडळी, आपल्याला काकवी माहीत आहे. उसाचा रस काहिलीत आटत आटत गूळ व्हायच्या आधी एका टप्प्यावर तांबूस, वाहता पाक होतो, ती काकवी. मी एक घोट घेतला. आधी गोडी आली, मग भाजलेल्या भाकरीच्या पापुद्र्याची चव, आणि शेवटी जिभेच्या कडेला किंचित खरपूसपणा. अब्बा पहिल्या काहिलीची काकवी पळीभर माझ्या हातावर घालायचे, तिची आठवण झाली. थोड्या वेळानं फुलं घालून झाल्यावर त्यानं दुसरा घोट दिला. आता त्यात काडेचिराइतासारखा कडूपणा आला होता. गोडीला तो कडूपणा लागतो, नाहीतर दुसरा घोट जात नाही, असं तो म्हणाला.

मग मी त्याला आमचं गुऱ्हाळ सांगितलं. चरकातून रस काढायचा, काहिलीत घालायचा, चुलवाणात चिपाडाचा जाळ. रानभेंडीचं बुळबुळीत पाणी घातलं की मळी वर येते, ती काढून टाकायची. मग पाक कधी झाला हे गुळव्यानं ओळखायचं. अब्बा पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून दोन बोटांत त्याची गोळी करून बघायचे. क्षणभर उशीर झाला तर गूळ काळा पडतो आणि काळ्या गुळाला सौद्यात दर मिळत नाही. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली. तिथपासून आजच्या मार्केट यार्डापर्यंत कोल्हापुरी गुळाचा दर रंगावर ठरत आला. पुढं गिऱ्हाइकाला गूळ पिवळाधमक हवा झाला, मग त्यात रसायनं पडू लागली. आता तेच गिऱ्हाईक रसायनाशिवायचा तांबूस गूळ जास्त पैसे देऊन घेतं. मुलगा हसला. ‘‘चाचा, बिअरचंही अगदी तसंच झालं.’’

त्याचं म्हणणं खरं होतं. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात फिका, अंबर, तपकिरी असे माल्टचे प्रकार होते आणि गावोगावच्या बिअरचे रंग वेगवेगळे होते. मोठे कारखाने आले आणि जगभर एकाच फिक्या पिवळ्या बिअरचं राज्य झालं. अमेरिकेत तर १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी होती. ती उठल्यावर धंदा थोड्या बड्या कंपन्यांच्या हाती एकवटत गेला. १९७८ मध्ये तिथं घरी बिअर बनवायला कायद्यानं मुभा मिळाली. कॅलिफोर्नियात १९८२ मध्ये कायदा बदलला आणि जिथं बनवायची तिथंच विकायची सोय झाली. पुढच्याच वर्षी हॉपलँड नावाच्या छोट्या गावात मेंडोसिनो ब्रूइंग कंपनीनं असा बार उघडला. त्यांची ‘रेड टेल’ ही तांबूस एल नावाजली गेली. अशा बारमधूनच ‘अंबर एल’ हे नाव १९८० आणि १९९० च्या दशकांत रुळलं. गंमत म्हणजे हीच कंपनी १९९७ मध्ये विजय मल्ल्या यांच्या यूबी समूहाच्या ताब्यात गेली आणि २०१८ मध्ये बंद पडली. म्हणजे अंबर एल ही मूळची बारमध्ये जन्मलेली चीज. बड्या कारखान्याच्या एकसारखेपणाला कंटाळलेल्या माणसांनी आपल्या काहिलीत आपल्या हातानं शिजवलेली.

आणि आपल्या महाराष्ट्रात ती कशी आली? पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ नावानं अशी बिअर बनवणारं ठिकाण सुरू झालं. देशातल्या अगदी सुरुवातीच्या ठिकाणांपैकी ते एक. या नावाची कथा ऐका. नाशिकजवळचं देवळाली आपल्याला ठाऊक आहे. १८६१ मध्ये इंग्रजांनी तिथं लष्करी तळ उभारला. हिंदुस्थानातली नोकरी संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथं पडून राहायचे. जहाजं हिवाळ्याच्या हंगामातच सुटायची. हंगाम चुकला तर कित्येक महिने काम नाही, घर दूर, वर ऊन आणि हिवताप. काहींची डोकी फिरायची. त्या वेडाला शिपायांनी नाव दिलं ‘डूलाली टॅप’. डूलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. पुढं टॅप गळून गेला आणि वेडसर माणसाला ‘डूलाली’ म्हणणं इंग्रजीत रूढ झालं. आपल्या मातीतलं एक गाव आणि आपल्या घरातला एक ताप सातासमुद्रापार जाऊन वेड बनले आणि दीडशे वर्षांनी बारची पाटी होऊन परत आले.

शब्दांचं असंच असतं. मी कवी असल्यामुळे मुलगा पिंपं दाखवत होता तेव्हाही माझं लक्ष शब्दांकडं जात होतं. ‘अंबर’ हा मुळात अरबी शब्द. देवमाशापासून मिळणाऱ्या सुगंधी द्रव्याचं ते नाव, पुढं युरोपात ते या तांबूस खड्याला चिकटलं. ‘अल्कोहोल’ हाही अरबीच. ‘अल-कुहल’ म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा; बारीक पूड करण्यावरून अर्थ घसरत घसरत तो अर्कावर गेला. आणि अरबीत ‘खम्र’ म्हणजे मद्य, तर ‘खमीर’ म्हणजे आंबवण. दोन्ही एकाच धातूचे. ज्याच्यानं आपली रोटी फुगते, त्याच्याच घरात मद्याचा जन्म. मनाई कुठं सुरू होते, त्या जागेवर मी उभा होतो. पिंपाच्या अलीकडं माझी काकवी आणि खमीर पडलं की पलीकडं त्याची एल.

दुपारी तयार झालेली एल त्यानं पेल्यात ओतली. मी फक्त वास घेतला. संत्र्याच्या सालीचा, भाजक्या दाण्याचा आणि ओल्या चिपाडाचा वास. गोडी बरीचशी निघून गेली होती. चव मुलानं सांगितली, ‘‘सुरुवातीला गूळ, शेवटाला कडू.’’ माझ्यासाठी तेवढं पुरे होतं.

मी त्याला एकच प्रश्न विचारला. ‘‘हिच्यात आणि तुझ्या गावच्या दुकानातल्या दारूत फरक किती?’’ मुलगा प्रामाणिक आहे. म्हणाला, ‘‘चाचा, चवीत, शुद्धतेत, मेहनतीत पुष्कळ. पण या एलमध्ये पाच टक्के मद्यार्क आहे. अर्धा लिटर प्याला तर पंचवीस मिलिलिटर पोटात गेला. साठ मिलिलिटर कडक दारूतही जवळजवळ तेवढाच जातो.’’ शरीराला पाटी वाचता येत नाही, हे त्यानं मला आकड्यांत सांगितलं.

संध्याकाळी बार भरला. चांगल्या पगाराची तरुण मुलंमुली, दिवे मंद, गाणी इंग्रजी. एका पेल्याच्या पैशात सहा-सात किलो गूळ आला असता. मुली मुलांच्या बरोबरीनं बसल्या होत्या, कुणाचा आवाज चढलेला नव्हता. सकाळी फरशी पुसणारी बाई मात्र आता तिथं नव्हती. मी कोपऱ्यात बसून लिंबू सोडा पीत होतो आणि माझ्या डोक्यात लहानपणीची एक पाटी फिरत होती.

आमच्या शाळेच्या वाटेवर ‘परमिट रूम’ अशी पाटी होती. काळ्या काचा, अर्धं दार, आत काय चालतं ते दिसायचं नाही. मी अब्बांना विचारलं, परमिट म्हणजे काय? ते म्हणाले, ‘‘आजारी माणसाला दिलेली चिठ्ठी.’’ मला वाटलं, थट्टा करतात. मोठेपणी कळलं की ते अगदी खरं होतं. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि त्याच वर्षी मुंबई दारूबंदी कायदा आला. १९५० मध्ये राज्यभर दारूबंदी लागू झाली. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते. कायद्याला आव्हान दिलं गेलं. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बालसारा खटल्यात औषधं आणि प्रसाधनांतल्या मद्यार्काबाबतचा भाग वगळून कायदा बहुतांशी कायम ठेवला. पण प्रकृतीसाठी दारू लागते असं लिहून घेऊन परवाना देण्याची वाट कायद्यातच होती. १९६० च्या दशकात बंधनं सैल झाली, १९७० च्या दशकात परवान्याची देशी दारूची दुकानं आली. कायदा मात्र रद्द झाला नाही. आजही महाराष्ट्रात दारूच्या प्रत्येक दुकानाला परवाना मिळतो तो दारूबंदी कायद्याखाली. पिणाऱ्यानंही परवाना बाळगायचा असतो, आणि त्या कागदावर दारू लागते ती आरोग्याच्या रक्षणासाठी, असंच लिहिलेलं असतं. ‘परमिट रूम’ हा शब्द आपण बारला सहज वापरतो. त्याचा खरा अर्थ, बंदीच्या घरातली परवानगीची खोली.

या सगळ्यात मला एक गोष्ट खटकत राहिली. इंग्रजांनी १८७८ मध्ये मुंबई अबकारी कायदा केला आणि १८९२ मध्ये ठाणे-कुलाब्यातल्या माणसाला स्वतःच्या दारच्या मोहाच्या फुलांवरही बंधन घातलं. दारू वाईट म्हणून नव्हे, महसूल आपल्याकडं यावा म्हणून. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेत असलेल्या महात्मा फुल्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी हरकत घेतली. दारूनं कुणाची घरं बुडतात, हे त्यांना दिसत होतं. पुढं बंदी आली ती वरून, उठली तीही वरून. दुकान आलं, परमिट रूम आली. या दीडशे वर्षांत घरात वाट बघत बसलेल्या बाईला कुणी विचारलं नाही. तिला पहिल्यांदा विचारलं ते त्या मतपत्रिकेनं. म्हणून आडव्या बाटलीचं चित्र मला मोठं वाटतं. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. जिल्ह्याची बंदी टिकते की नाही, चोरवाटेनं दारू येते की नाही, यावर वाद होतील आणि व्हावेत. पण गावातल्या बाईच्या हातात शिक्का आला, ही गोष्ट वेगळी आहे.

आपल्या कोल्हापुरानं पेल्याची आणखी एक गोष्ट पाहिली आहे. शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे दलित सेवक होते. सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना पैसे दिले आणि भर गावात चहाचं दुकान काढायला लावलं. ‘सत्यसुधारक हॉटेल’ असं नाव त्याला मिळालं. लोक तिथं चहा घेईनात, तेव्हा महाराज स्वतः जाऊन गंगारामांच्या हातचा चहा पिऊ लागले आणि सोबतच्या सरदारांनाही प्यायला लावू लागले. इंग्रजीतला ‘पब’ म्हणजे सार्वजनिक घर. ते खऱ्या अर्थानं सार्वजनिक कधी होतं, हे महाराजांनी एका कप चहात दाखवलं. आत काय मिळतं याबरोबरच आत कोण बसू शकतं, कुणाला उठवलं जातं आणि कुणाला कधी बोलावलंच जात नाही, यावर ती जागा ठरते.

मी परत आलो आणि दोन दिवसांनी कागलकडच्या त्या गावी गेलो. येताना मुलाकडून मूठभर माल्ट रुमालात बांधून आणला होता. वहिनी ओसरीवर बसल्या होत्या. मी रुमाल सोडला. त्यांनी चार दाणे दाताखाली घातले.

‘‘जवच हाय की,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मोड आणल्यालं. आमी नाचणीचं सत्त्व करतोय तसं.’’

मग मी सगळं सांगितलं. काहील, काकवी, कडू फुलं, काचेमागची पिंपं. त्यांचं पोरगं किती स्वच्छ काम करतं, गमबूट घालून कसं उभं राहतं. त्याच्या हाताला त्याच्या आजोबांच्या गुऱ्हाळाची शिस्त आहे, हेही सांगितलं, कारण ते खरं होतं. आणि पाच टक्के, अर्धा लिटर, पंचवीस मिलिलिटर हेही सांगितलं. ते लपवलं असतं तर मला त्या ओसरीवर बसता आलं नसतं.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘‘भावजी, तिथं जी माणसं येत्यात, त्यांच्या घरात कोन वाट बघत बसतंय का, ते बघितलासा?’’

मी म्हटलं, ‘‘नाही वहिनी. ते बघितलं नाही.’’

‘‘त्येच बघायचं असतंय,’’ त्या म्हणाल्या. राग नव्हता त्यात. ‘‘ह्या भिंतीआडनं मी वीस वर्सं तेवढंच बघितलंय. पोराला म्हणावं, तू काय शिजीवतोस ते मला कळलं. पर पेला घिऊन मानूस उठतोय, मग कुटं जातोय, त्ये बी बघत जा. एकादा लईच घ्याय लागला, तर त्येला नगं म्हनायची ताकद तुज्यात हाय का, ते सांग. मग मी गावात सांगीन, पोरगं काय करतंय ते.’’

मी त्या मुलाचा वकील म्हणून गेलो होतो आणि आईचा निरोप्या होऊन निघालो. निघताना वहिनी आत गेल्या आणि काचेच्या बाटलीत भरलेली काकवी घेऊन आल्या. आपल्या उसाची, या हंगामाची. ओसरीच्या उजेडात तिचा रंग मी पुण्यात पाहिलेल्या त्या पहिल्या पेल्यासारखाच होता.

‘‘त्याला धाडा,’’ त्या म्हणाल्या. मी बाटली पिशवीत ठेवली तशी त्यांनी पुन्हा हाक मारली. ‘‘भावजी, उभी ठेवा ती. आडवी झाली तर सांडंल.’’

आणि आपण काय बोललो हे ध्यानात येऊन त्या पदराआड हसल्या. त्या घरात मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.